शमीजच्या आत शिवलेला खिसा

"ड्रग रेझिस्टंट एपिलेप्सी," असं म्हणून मॅडमनी ते एका कागदावर लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मुंबईच्या हॉस्पिटलातल्या या मेंदूच्या डॉक्टर. आम्ही त्यांना पहिल्यापासून मॅडमच म्हणतो. त्यांच्या टेबलाच्या अलीकडे तीन खुर्च्या होत्या. एकीवर मी, एकीवर माझा नवरा आणि मधल्या खुर्चीवर आमची मुलगी अस्मी. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि आठ वर्षं तिला फिट येत होत्या.

एपिलेप्सी म्हणजे अपस्मार. कोकणात, आमच्या पालीकडच्या गावांत अजून फेफरंच म्हणतात. नीट निवडलेली दोन औषधं, पुरेशा डोसात, पुरेसे दिवस घेऊनही फिट थांबल्या नाहीत, तर त्या आजाराला हे पुढचं नाव लागतं. औषधांना दाद न देणारा अपस्मार. अस्मीची तर पाच औषधं झाली होती.

"सहाव्या औषधानं फिट पूर्ण थांबतील ही आशा फार थोडी आहे," मॅडम म्हणाल्या. "मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला त्या वेळी वाटलं. आठ वर्षं मी प्रत्येक नव्या गोळीबरोबर नवा नवस बोलत आले होते. आता गोळीही संपली आणि बोलायचं काय ते कळेना.

हे मी का लिहिते आहे ते आधीच सांगते. या आजारात माझ्या हातून एक चूक झाली. ती चूक सात महिने चालू राहिली आणि तिची किंमत माझ्या मुलीनं मोजली. तुमच्या घरात या आजारासाठी छातीत मशिन बसवलेलं कुणी असेल, तर तुमच्या हातून ती होऊ नये. बाकी मला शहाणपण शिकवायचं नाही. तेवढं माझ्याकडे उरलेलंही नाही.

सुरुवात झाली तेव्हा अस्मी पाचवीत होती. मी अंगणवाडी सेविका. दुपारी घरी येऊन पोरीला जेवायला वाढत होते. ती मधेच म्हणाली, "आये, पोटातना कायतरी वर येतंय गो." मी म्हटलं, ओकारी येतेय का? तर ही काही बोलेचना. एकटक समोर बघत होती आणि तोंडात घास नसताना चावल्यासारखं करत होती. उजव्या हातानं फ्रॉकची कड ओढत बसली. मला वाटलं, नाटकं करते, भाजी आवडली नाही म्हणून. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. मिनिटभरानं ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मारलंस कशाला?"

ती तिची पहिली फिट होती. कुणी लेकराच्या पहिल्या फिटची आठवण विचारली की मला तो धपाटा आठवतो.

पुढे मोठ्या फिट सुरू झाल्या. सगळं अंग ताठ, मग झटके, तोंडातून फेस, कपडे ओले. लोक कांदा घेऊन धावायचे, चप्पल घेऊन धावायचे. माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, तोंडात काहीही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं, हे मला कळायलाच वर्ष गेलं. पाच मिनिटांच्या वर गेली तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

तेरा वर्षांची असताना ती न्हाणीघरात पडली. दार आतून लावलेलं. बाहेरून मी हाका मारतेय आणि आत नुसता तांब्या आपटल्याचा आवाज. शेजारच्यांनी दार तोडलं तेव्हा ती बादलीच्या आणि भिंतीच्या मधे अडकली होती. कपाळ फुटलं होतं. हे मुंबईला नोकरीला, तेव्हा सुट्टीवर घरी आले होते. त्यांनी नवं दार बसवलं, पण आतली कडी लावलीच नाही. मी तर पुढे दारच लावू देईना. त्या दिवसापासून अस्मीनं दार उघडं टाकून आंघोळ केली, मी बाहेर पाठ करून उभी. वयात आली तरी तेच. मैत्रिणीकडे राहायला जाणं नाही, विहिरीवर जाणं नाही, चुलीशी एकटीनं बसणं नाही. बारावीनंतर पुढचं शिक्षण नाही. एकदा मी तिला विचारलं होतं, बरी झालीस की पहिलं काय करशील? म्हणाली, "दार लावून आंघोळ."

मुंबई नाही, नोकरी नाही, लग्न नाही. दार लावून आंघोळ. मला तेवढंच तिला द्यायचं होतं. या सगळ्या हकिगतीत मी मागितलेलं एवढंच आहे.

तर, गोळ्या संपल्या. मॅडम म्हणाल्या, ऑपरेशन करता येईल का ते बघू. मेंदूतल्या ज्या जागेतून फिट उठते ती एकच असेल आणि काढण्यासारखी असेल, तर ती काढतात. त्यासाठी व्हिडिओ ईईजी करावा लागतो. ईईजी म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विजेचा आलेख काढणं. व्हिडिओ ईईजीत समोर कॅमेराही चालू असतो. माणसाला खाटेवर ठेवतात, गोळ्या कमी करतात आणि फिट यायची वाट बघतात.

पाच दिवस आम्ही वाट बघत बसलो. आठ वर्षं जी येऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवले, ती आता यावी म्हणून मी मनात गाऱ्हाणं घालत होते. अस्मी डोक्याला फेटा बांधल्यासारख्या पट्ट्या बांधून बसली होती आणि म्हणत होती, "आज नाय येणार ती. पाव्हणे आलेत म्हणून लाजलीय." तिसऱ्या दिवशी आली. चौथ्या दिवशी दोनदा आली.

पाचव्या दिवशी मॅडमनी आलेख दाखवला. पहिली फिट डाव्या कानशिलाच्या आतून उठली होती आणि पुढच्या दोन उजव्या. दोन्हीकडचं काढता येत नाही, माणसाची आठवणच पुसली जाईल. ऑपरेशनचा विषय तिथेच संपला. हे खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ वळले नाहीत. मला रडूही आलं नाही. मी पिशवीत कपडे भरायला घेतले.

तेव्हा मॅडमनी व्हेगस नर्व्ह स्टिम्युलेशनचं नाव काढलं.

व्हेगस ही मेंदूपासून मानेतून खाली छाती-पोटापर्यंत जाणारी नस. रक्ताची नस नव्हे, मज्जातंतू. खालच्या बातम्या वर मेंदूला पोचवणं हे तिचं मुख्य काम. छातीच्या डाव्या बाजूला, गळ्याखालच्या हाडाच्या खाली, कातडीच्या आत बिस्किटाएवढं मशिन बसवतात. त्याची तार मानेत नेऊन या नसेभोवती गुंडाळतात. मशिन थोड्या थोड्या वेळानं नसेला हलका करंट देतं आणि तो निरोप मेंदूला जातो.

"पण फिट तर मेंदूत आहे. मानेत करंट देऊन काय होणार?" मी विचारलं. मी खवचटपणेच विचारलं होतं.

मॅडमना राग आला नाही. त्या म्हणाल्या, "मेंदूतल्या पेशी सतत एकमेकींशी बोलत असतात, पण प्रत्येकीची वेळ वेगळी, काम वेगळं. फिट येते तेव्हा त्या सगळ्या एकदम, एकाच ठेक्यात उसळायला लागतात."

मला आमची जाखडी आठवली. गोल धरून नाचणाऱ्यांचे सगळ्यांचे पाय एका ठेक्यावर पडतात, घुंगरांचा एकच आवाज होतो आणि बघणाऱ्याच्या छातीत धडधडतं. अंगणात ते छान वाटतं. डोक्यात तसं झालं तर माणूस पडणारच.

"म्हणजे मशिन ठेका मोडतं?"

"मोडायचा प्रयत्न करतं," मॅडम म्हणाल्या. नसेतून निरोप मेंदूच्या बुंध्याशी जातो. तिथल्या एका छोट्या जागेतून मेंदूला सावध ठेवणारं रसायन सुटतं आणि सगळीकडे पसरतं. पेशींना मग एकदम एका ठेक्यावर येणं अवघड जातं, असं समजतात. "नक्की कसं होतं ते आम्हालाही पूर्ण कळलेलं नाही. आणि हा बरं करण्याचा उपाय नाही. काहींच्या फिट बऱ्याच कमी होतात, काहींच्या थोड्या, काहींना काहीच फरक पडत नाही. फरक दिसायला वर्ष-दीड वर्षही लागतं. गोळ्या चालूच राहतील."

एवढं बजावून सांगितल्यावर आशा धरू नये. मी धरली.

खर्चाचं आणि कागदपत्रांचं रामायण इथे सांगत नाही, ते ज्याचं त्याला ठाऊक असतं. सात-आठ महिन्यांनी मशिन बसलं. ऑपरेशन दोन तासांचं. मानेवर एक टाक्यांची रेघ, छातीवर एक. मशिन लगेच चालू करत नाहीत. दोन आठवड्यांनी टाके सुकल्यावर तिथल्या तंत्रज्ञ मुलानं एक पट्टीसारखं यंत्र तिच्या छातीवर धरलं आणि बटण दाबलं.

अस्मी तेव्हा मला काहीतरी सांगत होती. बोलता बोलता तिचा आवाज बसला. घशात कुणी बोट घातल्यासारखा घोगरा झाला, एक खोकला आला, अर्ध्या मिनिटानं आवाज पुन्हा पहिल्यासारखा. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. घशाच्या पडद्यांची नस या नसेलाच जोडलेली असते म्हणून असं होतं. बहुतेकांना होतं. हळूहळू सवय होते, करंट वाढवला की पुन्हा थोडं जाणवतं.

त्या तंत्रज्ञ मुलानं आम्हाला दोन चुंबकं दिली. फिट येतेय असं वाटलं किंवा आली, की चुंबक छातीवरच्या मशिनवरून एकदा फिरवायचं. त्यानं मशिन जादा करंट देतं आणि कधी कधी फिट तिथेच आवरते. "चुंबक कायम तिच्याजवळ असू द्या," तो म्हणाला. "कायम." आणि हेही म्हणाला, की कधी मशिनचा फार त्रास झाला तर चुंबक मशिनवर धरून ठेवायचं. धरलंय तोवर मशिन बंद राहतं.

हे तो स्पष्ट म्हणाला होता. मी ऐकलंही होतं. त्याचा दोष अजिबात नाही.

चुंबक मनगटाला बांधायला पट्टा होता. अस्मीनं चार दिवस बांधला. मग लोक विचारायला लागले, हे कसलं घड्याळ, वेळ दिसत नाही यात. तिनं पट्टा काढून खिळ्याला टांगला. दुसऱ्याच दिवशी अंगणात फिट आली आणि चुंबक आत खिळ्याला. मी आत धावेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं.

मी शिवणाचं मशिन काढलं. तिच्या सहाही शमीजना आतून, डाव्या बाजूला, बरोबर त्या टाक्यांच्या खुणेवर एकेक खिसा शिवला. चुंबक त्यात बसवलं. आणि चुंबकाच्या मागे, लाल कापडाच्या पुरचुंडीत, हेदवीच्या दशभुजा गणपतीचा अंगारा ठेवला. माझं माहेर तिकडचं. माझ्या वहिनीनं तो मुद्दाम पाठवला होता. माझ्या मनात हिशेब साधा होता. जिथे मशिन आहे तिथेच चुंबक असू दे आणि दोघांना राखायला देवही तिथेच असू दे.

आणि मी कोण? अंगणवाडीत दर महिन्याला बायांना बसवून सांगणारी. "बायांनो, अंगारे-धुपारे करत बसू नका, पोरांना लस द्या, ताप आला तर दवाखान्यात न्या." म्हणून हॉस्पिटलात जायच्या दिवशी मी अस्मीला खिशाची शमीज घालू द्यायची नाही. त्या दिवशी नवी, साधी शमीज आणि चुंबक माझ्या पर्समध्ये. मॅडमना पुरचुंडी दिसली असती तर मी तिथेच जमिनीत गेले असते.

खिसा शिवला आणि दोन दिवसांत अस्मीचा आवाज मोकळा झाला. खोकला गेला. घोगरेपणा गेला. मी ह्यांना फोन करून सांगितलं, "मशिन अंगाला लागलं हो पोरीच्या. गळा कसा साफ झालाय बघा." फोन तिच्या कानाला लावला. तिनं बाबांना अख्खी आरती म्हणून दाखवली. मला किती आनंद झाला होता ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

वाचणाऱ्याला एव्हाना कळलं असेल. मला सात महिने कळलं नाही.

चुंबक मशिनवर धरलंय तोवर मशिन बंद. आणि मी ते धरलं होतं, चोवीस तास, दुहेरी शिलाई मारून. ती रात्री झोपायचीही शमीज घालूनच. 'धरून ठेवणं' म्हणजे हातानं धरणं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. खिशात ठेवणं हे मला जपून ठेवणं वाटत होतं.

महिन्या-दीड महिन्यानं आम्ही मुंबईला जायचो. मॅडम विचारायच्या, फिट कमी झाल्या? नाही. त्या करंट थोडा वाढवायच्या. त्या दिवशी अस्मीचा आवाज पुन्हा बसायचा, ती खोकायची आणि मी म्हणायची, ही मुंबईची हवा. पालीला उतरून घरी आलो, खिशाची शमीज चढली, की गळा साफ. आपल्या गावची हवा ती आपल्या गावची हवा, असं मी शेजारणींना सांगायची.

फिट आली की मी खिशातून चुंबक काढून छातीवरून फिरवायची. तेव्हा मशिनला तेवढी उसंत मिळायची आणि करंट जायचा. काही वेळा फिट खरंच लवकर आवरली. मग मला वाटायचं, बघा, या चुंबकात किती ताकद आहे. मी ते पुन्हा खिशात, अगदी घट्ट बसवायची.

पाचव्या महिन्यात आमच्या अंगणाच्या पायरीवर ती पडली. जांभ्या दगडाची पायरी, कड धारेची. तोंडावर पडली. मी दहा पावलांवर वाल सोलत बसले होते. पोचले तेव्हा तिच्या हनुवटीवरून रक्त वाहत होतं आणि समोरचे दोन दात पायरीखाली मातीत होते. फिट संपल्यावर ती शुद्धीवर आली, जीभ फिरवून बघितली आणि तोंडावर हात धरला. तो हात तिनं बरेच दिवस काढला नाही. बोलताना, हसताना, जेवताना सुद्धा हात तोंडावर.

त्या दिवशी मी देवापुढे दिवा लावला नाही. मशिन खोटं, डॉक्टर खोटे, देव खोटा, असं मी मोठमोठ्यानं म्हणत होते. पोरीच्या अंगात लोखंड घातलं, मान चिरली, छाती चिरली, कशासाठी? मी ह्यांना म्हटलं, मशिन काढून टाकू. हे म्हणाले, एकदा मॅडमना विचारू. मी म्हटलं, काय विचारायचंय? पोरगी दारात मरायची आणि त्या करंट वाढवत बसायच्या. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

सातव्या महिन्यात गेलो ते मशिन काढायचं असं मनाशी धरूनच. मॅडमना तसं सांगितलंही. त्यांनी ऐकून घेतलं. तंत्रज्ञाला बोलावलं, मशिन तपासायला सांगितलं. मशिन ठीक होतं, बॅटरी ठीक, तार ठीक. मॅडम फाइलची पानं मागे-पुढे चाळायला लागल्या.

तेवढ्यात अस्मीचा आवाज बसला. तिनं खोकून घसा मोकळा केला आणि तोंडावरचा हात न काढता म्हणाली, "मॅडम, आवाज इथे आलं की बसतो. घरी नाय बसत. घरी फक्त आंघोळीला बसले की बसतो."

मॅडमनी वर बघितलं. "आंघोळीलाच का?"

"काय माहीत. कपडे काढले की."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "चुंबक कुठे ठेवता?"

मला वाटलं, पुरचुंडीचं बिंग फुटलं. तेवढीच लाज मला तेव्हा वाटली. मी खाली मान घालून सांगितलं, शमीजला खिसा शिवलाय. कुठे? मी माझ्याच छातीवर हात ठेवून दाखवलं.

तंत्रज्ञ मुलानं डोळे मिटून घेतले. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "ताई, मग घरी मशिन चालूच नव्हतं."

मी विचारलं, किती दिवस? खिसा शिवल्यापासून, त्या म्हणाल्या.

मी अस्मीकडे बघितलं. ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मग तिनं मोजणं थांबवलं आणि हात पुन्हा तोंडावर नेला. ते तिचे दोन दात तेव्हा घरी, फडताळात, एका डबीत होते. मी टाकले नव्हते.

मॅडम म्हणाल्या, चूक तुमची एकटीची नाही, चुंबक नेमकं कुठे ठेवताय हे आम्हीही कधी विचारलं नाही. चुंबक मशिनपासून वीतभर तरी लांब ठेवायचं, कमरेला किंवा मनगटाला. हे त्या आता प्रत्येकाच्या घरच्यांना दाखवूनच पाठवतात, असं मागे म्हणाल्या. त्या बोलत होत्या आणि मला त्यांचा चेहरा पाण्यातून दिसावा तसा दिसत होता.

बाहेर बाकावर मी बसून राहिले. हे म्हणाले, "राहू दे गो. तू काय मुद्दाम केलंस?" ते मला आवडलं नाही. मुद्दाम केलं असतं तर निदान कुणाला पकडता आलं असतं. मी सात महिने माझ्या लेकीचं औषध माझ्या हातानं बंद ठेवलं होतं, आणि तेही लाडानं. अस्मी माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "आये, अंगारा ठेव हां. तो बिचारा काय बोलला नव्हता." मला हसू आलं नाही. अजूनही ते वाक्य आठवलं की हसावं का रडावं ते कळत नाही.

घरी आल्यावर सहाही शमीजचे खिसे मी उसवले. शिलाई पक्की होती. बराच वेळ लागला.

आता त्याला दीड वर्ष झालं. तुम्हाला वाटेल, मग मशिन चालू झालं आणि सगळं बरं झालं. तसं काही झालं नाही. पहिले चार महिने काहीच फरक नव्हता आणि मी रोज मनात म्हणत होते, ते सात महिने असते तर आज अकरावा महिना असता. मग मोठ्या फिट विरळ होत गेल्या. आधी आठवड्याला एक-दोन यायच्या, आता महिन्याला एखादी येते. छोट्या, एकटक बघण्याच्या, अजून येतात. मॅडमनी पुन्हा ईईजी काढला तेव्हा दोन्ही आलेख शेजारी ठेवून दाखवले. जुन्यावर टोकदार शिखरांचे झुबके होते, नव्यावर ती शिखरं थोडी पांगलेली. "ठेका सैल होतोय," त्या म्हणाल्या. लगेच हेही म्हणाल्या, की आलेखावर दिसतं तेवढं सगळं आयुष्यात उतरतंच असं नाही. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागेल. तेव्हा पुन्हा छाती उघडणार. चांगलं सांगायचं म्हणजे त्या एवढंच सांगू शकतात आणि मी एवढंच ऐकू शकते.

दात बसवले. खोटे आहेत ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, बाहेर कळत नाही. तोंडावर हात न्यायची सवय मात्र राहिली.

गेल्या पावसाळ्यानंतर अस्मीनं मला सांगितलं, "उद्यापासून दार लावून आंघोळ करणार." मी नाही म्हटलं. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, कडी नको, दार नुसतं लोटून घेऊ दे. भरलेली बादली नको, खाली पाटावर बसून, तांब्यानं. पाणी फार कढत नको. आणि कुणीतरी बाहेर हवं, आवाजाच्या अंतरावर.

म्हणून ठरलं, की आत असेपर्यंत तिनं बोलत राहायचं. काय बोलणार? पहिल्या दिवशी तिनं पाढे म्हटले. दुसऱ्या दिवशी आरत्या झाल्या. तिसऱ्या दिवसापासून तिनं माझी नक्कल सुरू केली, ती आजतागायत चालू आहे. माझाच सूर, माझाच अंगणवाडीतला हेल. "बायांनो! अंगारे-धुपारे करत बसू नका! पोरांना लस द्या! आणि चुंबक कुठे ठेवायचं?" मी बाहेर पायरीवर बसून ऐकते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पदर तोंडात कोंबला होता. तिला ऐकू जाऊ नये म्हणून.

मागच्या महिन्यात बोलता बोलता आवाज थांबला. मी दार ढकललं. ती पाटावर एका बाजूला कलंडली होती, तांब्या हातात घट्ट. छोटीच होती, मिनिटभरात गेली. मी तिला पुसली, कपडे घातले आणि म्हटलं, बस झालं, उद्यापासून दार उघडं. ती दुसऱ्या दिवशी टॉवेल घेऊन आत गेली आणि माझ्या तोंडावर दार लोटून घेतलं.

मी पायरीवर बसले. ही तीच जांभ्याची पायरी, दात पडले ती. आत पाण्याचा आवाज सुरू झाला, मग माझी नक्कल. मी माझ्या देवांना आता फार काही मागत नाही. मी फक्त तिचा गळा कधी बसतोय याची वाट बघत असते. पूर्वी तो साफ झाला म्हणून मी साखर वाटली होती. आता तो मोकळा राहिला तर माझा जीव खालीवर होतो, आणि भर वाक्यात तो घोगरा झाला, "बायांनो, पोरांना..." म्हणता म्हणता फाटला, की मला कळतं, मशिन चालू आहे, निरोप वर जातोय, आत कुठेतरी ठेका मोडतोय. अर्ध्या मिनिटानं आवाज परत येतो.

तिची आंघोळ त्या आवाजाच्या दोन बसण्यांत होते. पहिला बसला की मी म्हणते, "हां." दुसरा बसला की मी म्हणते, "अस्मी, आटप आता." आणि आतून ती घोगऱ्या आवाजात ओरडते, "अजून एक होऊ दे गो आये, दार लावलंय मी."